एका यंत्राला एक हात

बुधवारी सकाळी सव्वासात वाजता परीक्षक फरीदा मुल्ला यांनी हात वर करून परीक्षा थांबवली. त्या क्षणी हेलिकॉप्टर दोन पुरुष उंचीवर, चुन्याने आखलेल्या वर्तुळाच्या बरोबर मध्यावर उभं होतं, आणि उमेदवार शैला उतेकर हिच्या हातून तोवर एकही चूक झालेली नव्हती.

"उतरवा," मुल्ला मॅडम म्हणाल्या.

शैलाने यंत्र उतरवलं. पाती थांबेपर्यंत ती रिमोट दोन्ही हातांत धरून उभी राहिली. नापास झालो असू तर कशामुळे, हे तिला उमगेना. मॅडम खुर्चीवर बसून मांडीवरच्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानात नोट उजेडाकडे धरून बघतात, तसं काहीतरी होतं.

कोयनेच्या जलाशयाला लोक तिथे फुगवटा म्हणतात. मार्च उजाडला की पाणी मागे सरतं आणि काठाची गाळपेर जमीन उघडी पडते. परीक्षा त्याच जमिनीवर चालली होती. वर टेकाडावर निवळीचं आरोग्य केंद्र, समोर पाणी, पाण्यापलीकडे सात वाड्या. त्या वाड्यांना रस्ता नाही. पूर्वी त्यांची औषधं लाँचने जात. तीन वर्षांपासून माणूस नसलेलं एक हेलिकॉप्टर ती नेतं.

ड्रोन का नाही, हेलिकॉप्टरच का, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. कारण सोपं आहे. चार पंख्यांचा ड्रोन पंख्यांचा वेग कमीजास्त करून तोल सांभाळतो. ओझं वाढलं की पंखे मोठे लागतात, आणि मोठ्या पंख्याला वेग बदलायला उशीर लागतो. हेलिकॉप्टरचं पातं एकाच वेगाने फिरत राहतं. बदलतो तो पात्याचा कोन, आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलता येतो. शिवाय मोटर बंद पडली तरी खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि यंत्र दगडासारखं न पडता खाली येतं. दोन डोंगरांच्या मधून फुगवट्यावर घुसणाऱ्या वाऱ्यात हे दोन्ही गुण लागतात.

वाट यंत्राची यंत्रच काढतं. पण वारा हाताबाहेर गेला की ते हात टेकतं, आणि तेव्हा तळावरच्या माणसाने कॅमेऱ्यात बघून ताबा घ्यायचा, असा नियम आहे. या माणसाला सरकारी भाषेत लांबलचक नाव आहे. काठावरचे लोक त्याला नुसतं 'हात' म्हणतात.

निवळीला स्वतःचा हात नव्हता. आधीचा बदली घेऊन गेला. एप्रिलअखेर नवा मिळाला नाही तर तळ महाबळेश्वरला हलवणार, हे ठरलं होतं. महाबळेश्वरला पावसाळाभर धुकं असतं, यंत्र दिवस दिवस उठणार नाही. शैला केंद्रात औषधं देण्याचं काम करते. पलीकडच्या वाड्यांत इन्शुलिनवर असलेल्या प्रत्येक माणसाचं नाव तिला पाठ आहे. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने हात व्हायचं ठरवलं, आणि त्यासाठी सरावाचं हेलिकॉप्टर घ्यायला ती साताऱ्याला गेली.

करंबेळकरांचं दुकान एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर आहे. छताला विमानं टांगलेली, आणि खाली सत्तरी ओलांडलेले करंबेळकर स्टुलावर. शैलाने स्वस्तातलं पण सरावाला उपयोगी पडेल असं काहीतरी दाखवा म्हणून सांगितलं. त्यांनी आधी किती स्वस्त ते विचारलं नाही. कुणासाठी, ते विचारलं. स्वतःसाठी, हे कळल्यावर त्यांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः उभे राहिले.

त्यांनी पहिलं काढलं ते तळहाताएवढं, एकावर एक दोन पात्यांचं. दोन्ही पाती उलटसुलट फिरतात, त्यामुळे यंत्र आपोआप सरळ राहतं. करंबेळकरांनी ते दुकानातच उडवलं आणि रिमोट काउंटरवर ठेवून चहा प्यायले. यंत्र हवेत तसंच.

शैला हरखली. "हेच द्या की मग."

"हे शिकवत नाही, ताई. करमणूक करतं," करंबेळकर म्हणाले. "सायकलला मागे दोन चाकं लावून सायकल येते का? आणि बाहेर कुणी जोरात शिंकलं तरी हे शेजारच्या गल्लीत."

दुसरं मोठं होतं, धातूच्या डोक्याचं, देखणं. ते त्यांनी कपाटातून काढलं आणि पुन्हा कपाटात ठेवलं. पडलं की त्याचा सुटा भाग परदेशातून यायला महिना लागतो, आणि पडणार तर आहेच, असं त्यांचं म्हणणं. नवशिक्याने यंत्राची किंमत बघू नये, पात्यांची बघावी. जे पाडायला परवडतं तेच उडवायला परवडतं.

तिसरं हातभर लांबीचं होतं. एकच मोठं पातं, शेपटीला छोटं. मोठ्याचा कोन बदलणारा. अंग प्लॅस्टिकचं, पाती दुकानात डझनाने पडलेली. दिसायला अगदी बावळट. किमतीत बरं शिलाई मशीन आलं असतं. शैलाने तेच घेतलं. पोटात एक चिप होती आणि शेपटीखाली चिप बंद करायचं बटण. या बटणासाठीच मी हे विकतो, असं करंबेळकर म्हणाले, आणि त्यांनी चिपची गोष्ट सांगितली.

जुन्या यंत्रांत तोल सांभाळणारा एक भाग असे. यंत्र कलंडलं की तो सरळ करी. ही चिप यंत्राकडे बघत नाही, हाताकडे बघते. माणसाला डावीकडे जायचं असतं तेव्हा त्याचा अंगठा काय करतो, नुसता दचकला तेव्हा काय करतो, हे ती चाळीस तास टिपत राहते. मग दचकणं वगळते आणि मनातलं तेवढं यंत्राला सांगते. या टिपणाला हस्तछाप म्हणतात. ती यंत्राची नसते, माणसाची असते. म्हणून छोट्या हेलिकॉप्टरातली चिप काढून मोठ्यात बसवली की मोठंही आपल्या माणसाला ओळखतं. परीक्षेचे भाग दोन: चिप लावून, आणि चिप काढून.

"एका यंत्राला एक हात," पिशवी हातात देताना करंबेळकर म्हणाले. "घरात कुणाला हात लावू देऊ नका."

शैलाने मान हलवली. घरी लावणार कोण? मुलगी कराडला वसतिगृहात. राहिला मुरलीधर.

मुरलीधर उतेकर फुगवट्यावर लाँच चालवतो. हेलिकॉप्टर येण्याआधी औषधांची पेटी त्याच्याच लाँचवर जायची. शैला केंद्रात बांधून द्यायची, तो न्यायचा, आणि संध्याकाळी जेवताना पलीकडच्या बातम्या सांगायचा. पेटी गेली तशा बातम्याही गेल्या. तक्रार त्याने केली नाही. फक्त त्या यंत्राला तो चिलट म्हणू लागला आणि त्या विषयावर काही विचारेनासा झाला. खोकं घरात आलं तेव्हा त्याने एकदा बघितलं.

"चिलटाचं पिल्लू का?" म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

त्याला करंबेळकरांचं सांगणं सांगायची शैलाला गरजच वाटली नाही.

ती रोज सकाळी केंद्र उघडण्याआधी गाळपेरीवर जाऊन सराव करी. तेव्हा वारा पडलेला असतो. यंत्र आपल्याकडे तोंड करून उभं असलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि तिथेच पाती मोडत. करंबेळकरांच्या सांगण्याप्रमाणे ती कधी चिप लावून, कधी बंद करून उडवी. बंद असली की जास्त मोडत. मोडकी पाती ती परतल्यावर ओट्यावर ठेवी. दुसऱ्या सकाळी यंत्राला नवी बसलेली असत. मुरलीधरला मोडकं काही बघवत नाही, मग ते चिलटाचं का असेना. यावर दोघांत एक शब्दही झाला नव्हता. मनातून तिला बरं वाटायचं.

हळूहळू पाती मोडेनाशी झाली. महिन्याभरात यंत्र तिच्या मनासारखं वागू लागलं. कधी कधी मनापेक्षाही चांगलं वागे. एकदा अवचित झुळूक आली, ती दचकली, आणि यंत्र मात्र शांत उभं राहिलं. जणू झुळूक जाऊ दे म्हणत. हीच चिपची करामत, असं ती धरून चालली.

परीक्षेच्या सकाळी मुल्ला मॅडमनी ती चिप आपल्यासोबत आणलेल्या मोठ्या हेलिकॉप्टरात बसवली होती. आता त्यांनी शैलाला खुर्चीजवळ बोलावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर दोन रेषा होत्या.

एका माणसाच्या छापेत रेषा एकच येते, मॅडमनी सांगितलं. वाऱ्याचा झोका बसला की तुमचा हात काय करतो, त्याची. ही वरची बघा. झोका आला की लगेच उसळते, गरजेपेक्षा थोडी जास्तच, आणि मग अर्धी मागे येते. हा आज मी इथे पाहिलेला हात. तो तुमचा. पण खाली ही दुसरी आहे. ती काहीच करत नाही. थांबते. आणि मग एकदाच, जेवढ्यास तेवढं. चिप या दोघींचा मध्य काढून यंत्र चालवतेय. वेळ, ठिकाण, नाव चिपला कळत नाही, फक्त हात कळतो. तेव्हा तुम्हीच सांगा, हा दुसरा कुणाचा?

शैला खालच्या रेषेकडे बघत राहिली. सपाट, सपाट, आणि मग एक लहानशी चढण. तिला हसू आलं, आणि ते आवरायचं सुचलं नाही.

"माझ्या नवऱ्याचा."

"यावरून कसं कळलं तुम्हाला?"

"एकोणीस वर्षं झाली, मॅडम. जेवायला वाढू का विचारलं तरी ते एवढंच थांबतात."

मुरलीधर धक्क्यावर लाँचला टेकून परीक्षा बघत होता. शैलाने हाक मारली तसा तो हात पुसत आला. मॅडमनी विचारलं, हे यंत्र तुम्ही उडवलंत का? तो थांबला. शैलाने मॅडमकडे बघितलं.

"उडवलं न्हाय," तो म्हणाला. "तपासलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवी पाती बसवली की ती बरोबर बसली का ते बघायला हवं, नाहीतर सकाळी शैलाच्या अंगावर यायची. म्हणून दुपारी जेवायला आला की तो यंत्र गाळपेरीवर नेऊन जरा उचलून बघायचा. दुपारी पाण्यावरून वारा सुटतो, त्यात ते उभं राहीना. वाऱ्यात उभं राहात नाही म्हणजे पाती नीट बसली नाहीत, असं त्याला वाटायचं. म्हणून तो पुन्हा बसवायचा, पुन्हा उचलायचा. पुढे पुढे पाती मोडायची थांबली, पण तपासणी थांबली नाही.

"मग सांगायचं नाही का मला?" शैला म्हणाली.

"त्यात सांगायचं काय? लाँचवर दोर टाकायला मी उठलो की सुकाणू तू धरतेस. सांगून धरतेस का?"

हे खरं होतं. फुगवट्यावर सुकाणू कधी रिकामं राहत नाही. चालवणारा उठला की जवळचा माणूस धरतो, मग तो बाजाराला निघालेला का असेना. कुणी परवानगी मागत नाही. शैलाने मांडीवर पिशवी ठेवून कितीदा तरी ते धरलं होतं. यंत्र दुपारी रिकामं होतं, मुरलीधर जवळ होता. त्यापलीकडे त्याने काही केलं असं त्याला वाटत नव्हतं.

मुल्ला मॅडमनी नियम वाचून दाखवला. दोन हातांची छाप बाद. त्याचं कारणही त्यांनी सांगितलं. दुसरीकडे काही उमेदवारांनी मुरलेल्या चालकाला मजुरीवर बसवून आपली चिप शिकवून घेतली होती. परीक्षेत पैकीच्या पैकी, आणि कामावर चिप रुसली त्या दिवशी यंत्र नदीत.

"पण तिथे एक हात पट्टीचा असायचा आणि दुसरा नुसताच नावाला," त्या म्हणाल्या. "तुमचे दोन्ही मध्यमच आहेत."

"मध्यम म्हंजे पास ना?" मुरलीधरने विचारलं.

मॅडमनी चिप काढली आणि उघड्या हाताची परीक्षा घेतली. आधी शैलाची, मग, नियमात नसताना, मुरलीधरची. शैलाने यंत्र एकदा वर्तुळाबाहेर घालवलं, ओढून आत आणलं आणि जरा आपटून उतरवलं. पास, पण काठावर. मुरलीधरने ते वर्तुळाबाहेर जाऊच दिलं नाही. फक्त एक वळण घ्यायला त्याने एवढा वेळ लावला की परीक्षेची मुदत संपली.

"कुठं जायची घाई हाय?" तो म्हणाला. मॅडमनी नापास लिहिलं.

खरं तर त्यांचं काम तिथे संपलं होतं. गाडी वर उभी होती. पण दुपारचा वारा सुटेपर्यंत त्या थांबल्या. मुरलीधरने डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली, ती त्यांनी खाल्ली. अकराच्या पुढे पाण्यावर सुरकुत्या पडल्या आणि वाळलेलं गवत एका अंगावर झोपलं. मग त्यांनी बाद केलेली चिप पुन्हा बसवली आणि रिमोट शैलाच्या हातात दिला.

दुपारच्या वाऱ्यात शैलाने यंत्र आजवर उडवलं नव्हतं. पहिल्या झोताला तिचा अंगठा उसळला. यंत्र उसळलं नाही. जरा झुकलं, सावरलं, उभं राहिलं. आपल्या अंगठ्याखाली कुणीतरी अंगठा धरलाय, असं तिला वाटलं. कुणाचा, हे आता माहीत होतं. मग मुरलीधरने उडवलं. तो थांबला, पण यंत्र त्याच्यासाठी थांबून राहिलं नाही. शैलाची घाई त्यात होती. वळण मुदतीत पूर्ण झालं.

मॅडमनी दोघांना कारण समजावून सांगितलं. शैलाचा हात वेळेआधी येतो, मुरलीधरचा वेळेनंतर. एकाची चूक उणे तर दुसऱ्याची अधिक. चिपला दोन माणसं आहेत हे कळलं नाही. तिला वाटलं एकच माणूस आहे, कधी उतावळा आणि कधी धीराचा. तिने दोन्ही चुका एकमेकींत वजा केल्या. उरला तो हात दोघांपैकी कुणाचाच नाही, पण दोघांच्याही हाताखाली चालतो. असा हात आपण पडद्यावर याआधी पाहिलेला नाही, असं त्या म्हणाल्या. हे बोलताना त्या रेषांचा फोटो काढत होत्या.

छाप पुसून शैलाने एकटीने नवी करायची, हा एक मार्ग होता. पण आणखी चाळीस तास एप्रिलअखेरीत बसत नव्हते, आणि तोवर तळ गेला असता. मॅडम टेकाडावर जाऊन बराच वेळ फोनवर बोलत होत्या. परत आल्या त्या तात्पुरती परवानगी घेऊन. निर्णय होईपर्यंत निवळीचं यंत्र याच चिपवर उडेल. रिमोट कुणाच्याही हातात असो, उडताना दोघंही तळावर हजर पाहिजेत. आणि आपण स्वतः पाहिल्याशिवाय पहिलं उड्डाण होणार नाही. मुरलीधरने लाँचच्या वेळा सांगितल्या. मॅडमनी त्या लिहून घेतल्या आणि उड्डाणाच्या वेळा त्यावर बसवल्या.

त्या रात्री जेवताना शैलाने विचारलं, आवडतं का ते उडवायला? मुरलीधरने घास तोंडात नेला, चावला, पाणी प्यायला. ती थांबून राहिली. तिला आता थांबायला काही वाटत नव्हतं.

"सकाळच्याला तू उडव, दुपारी मी," तो म्हणाला. "आणि उतरवताना आपटतेस. तेवढं बघ."

तू मुदतीत वळ, तेवढं बघ, असं तिने सुनावलं. मग दोघं पलीकडच्या वाड्यांबद्दल बोलत बसले. कुणाच्या घरामागे झाड आहे, कुठलं खळं उतरायला बरं, कुणाची म्हैस आवाजाला बुजते. त्याला एकूण एक खळं माहीत होतं आणि तिला एकूण एक रोगी. भांडी घासायची तशीच राहिली.

शुक्रवारी पहिलं उड्डाण झालं. मुल्ला मॅडम मागे उभ्या होत्या. पाण्याच्या मध्यावर यंत्राने हात टेकले, शैलाने ताबा घेतला, आणि इन्शुलिनची पेटी पलीकडच्या वरल्या वाडीत खळ्यावर उतरली. तिथून फोन आला की पेटी मिळाली, थंड आहे, आणि यंत्र उतरताना कोंबड्यासुद्धा उठल्या नाहीत. शनिवारी विंचू चावलेल्या एकाचं औषध घेऊन यंत्राला दुपारी जावं लागलं, तेव्हा रिमोट मुरलीधरकडे होता. रोगी बरा आहे.

सोमवारी परीक्षा घेणाऱ्या संचालनालयाने कळवलं की प्रकरण कायदा शाखेकडे गेलं आहे. 'दोन हातांची छाप बाद' या नियमात 'हात' हा शब्द एका माणसासाठी आहे की एका छापेसाठी, एवढाच प्रश्न आहे. मुल्ला मॅडमनी आपला अहवाल दिला आहे. त्यात काय लिहिलं ते त्यांनी सांगितलेलं नाही. सुनावणी पुण्याला सत्तावीस एप्रिलला आहे. उमेदवाराने हजर राहावं, असा निरोप आहे. उमेदवार कोण, हे त्यात कळवलेलं नाही.